बावीस भारे आणि एक नोंद

नोकरीत मी शेकडो गुन्हे तपासले. बहुतेकांचे क्रमांकही आता लक्षात नाहीत. जे प्रकरण मात्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही, त्यात गुन्हा नोंदलाच गेला नाही. फाल्गुनात शहापूर-मुरबाडकडच्या उतारांवरून राबांचा धूर उठू लागला, की त्या सकाळचे एकेक मिनिट मला परत मोजता येते.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे, तो तुकडा आधी भाजून घेतात. शेण, त्यावर झाडांची वाळलेली टहाळ, वर गवत आणि मातीचा थर, असे रचून पेटवतात. टहाळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या. त्या थंडीत तोडून, भारे बांधून वाळत ठेवायच्या. झाडावर चढून तोडायचे काम असल्यामुळे ते तरण्या माणसाचे. माझे प्रकरण या भाऱ्यांवरून उलगडले आणि त्यांच्याच धुरात संपले.

मी आता वाशिंदला राहतो. पत्नी गेली, मुलगी पुण्याला असते. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर आमच्या वयाची चार माणसे बसतात. मागच्या महिन्यात तिथे वाद निघाला. जंगलातल्या बंदूकधारी गटांशी पुढाऱ्यांनी बोलणी करावीत का? एक जण म्हणाला, “बंदूकवाल्याशी बोलायचं ते बंदुकीनंच.” दुसरा म्हणाला, “बोलल्याशिवाय संपलंय कुठं काही?” मग सगळे माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही सांगा, तुम्ही तर पोलिसातले.” मी उठलो आणि अडतीस पायऱ्या चढून घरी आलो. तेव्हा दिले नाही ते उत्तर इथे लिहितो आहे.

त्या वेळी मी दोन्ही तालुक्यांच्या सीमेवरच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत चव्वेचाळीस गावे-पाडे, मंजूर माणसे सत्तावीस, प्रत्यक्षात हजर एकोणीस. पहिली खबर दिली ती मुरबाड स्टँडवरच्या एका जीपवाल्याने. चहाचा ग्लास हातात धरून तो म्हणाला, “साहेब, आमदारांची गाडी वरच्या पाड्याला दोनदा जाऊन आली. तिथं मतं किती? साठ. इलेक्शन नाय, लगीन नाय, मयत नाय. मंग आमदार डोंगर चढंल कशाला?”

प्रश्न बरोबर होता. त्या पाड्यावर एक म्हातारा राहत असे, आणि त्याच्या मुलाचे अटक वॉरंट माझ्या कपाटात होते. हा मुलगा आधी वाशिंदला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. नऊ वर्षांपूर्वी तो घर सोडून राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या जंगलात एका सशस्त्र गटात गेला. तिकडच्या दोन गुन्ह्यांत त्याचे नाव होते. त्याच जंगलात माझ्या प्रशिक्षणाच्या तुकडीतला एक मित्र सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. त्याची ट्रंक त्याच्या घरी पोचवायला मीच गेलो होतो. म्हणजे हे वॉरंट माझ्यासाठी नुसता कागद नव्हता, हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत, सोबत एक हवालदार घेऊन मी पाड्यावर गेलो. हवालदार सापगावचा, त्या लोकांची बोली बोलणारा. म्हातारा ओट्यावर बसला होता.

“कोन? हवालदार का रे तू?”

“व्हय बाबा. हे आमचे मोठे साहेब.”

“मोठे साहेब येवढं चालत आले म्हंजे काम मोठंच असंल. बसा. गो, पानी आन.”

म्हातारीने पाणी आणले. मी सरळ विचारले, “मुलगा कुठे आहे?”

“कोनता मुलगा?”

“तुम्हाला एकच आहे.”

“मंग सगळं माहितीच हाय तुमाला. तुमीच सांगा कुठं हाय तो. नऊ वर्सं आमीच इचारतोय.”

असा जबाब देणारा माणूस खोटे बोलतोय की दुःखाने बोलतोय, हे चेहऱ्यावरून कळत नाही. मी चेहऱ्यावर कधीच फार विश्वास ठेवला नाही. घराशेजारी टहाळाचे भारे रचले होते, ते मी मोजायला लागलो. बावीस भरले. खालच्या भाऱ्यांची पाने तपकिरी पडली होती, वरच्यांची अजून हिरवी होती. म्हणजे काम पंधरा-वीस दिवस चालले होते आणि दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत चालू होते.

म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, “साहेब, तुमी पोलीस का तलाठी? भारे काय मोजता?”

हवालदार हसला. मी विचारले, “हे कोणी तोडले?”

“मीच.”

“ऐनाच्या वरच्या फांद्यासुद्धा?”

“मीच की. दुसरं कोन हाय घरात?”

“समोर ऐनाचे झाड आहे. थोडे चढून दाखवा.”

तो उठला. खांबाला धरून एक पायरी उतरला, कोयता उचलला आणि झाडाकडे निघाला. खरोखर चढायला निघाला. तेवढ्यात म्हातारी आडवी आली. “नका वो चढवू त्यांना! मागल्या वर्साला पडले तवापासून गुडघा दुमडत नाय त्यांचा.”

बोलून गेल्यावर तिने पदर तोंडावर धरला. म्हातारा जागीच थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “झालं? बोललीस?”

हवालदाराने शेजारच्या तीन घरांत विचारून घेतले. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला पाच भारे तोडून दिले होते. या वर्षी त्याने ‘नको’ म्हणून सांगितले. परत येताना हवालदाराने झाडांकडे बोट दाखवले. प्रत्येक झाडाचा शेंडा पानांसकट शाबूत होता. “साहेब, शेंडा राखलाय. राखला तरच झाड परत फुटतंय. भायेरचा मानूस असता तर बोडकं करून गेला असता. हा इथलाच हाय.”

मुलगा आला होता. रानात कुठेतरी राहत होता आणि आई-बापाच्या राबाची टहाळ तोडून देत होता. सापळा लावणे मला अवघड नव्हते. पण आमदाराचे काय, हे कळल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही असे ठरवून मी शहापूरला त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी काही लपवले नाही. “हो, बोलतोय मी त्याच्याशी. त्याला हत्यार टाकायचंय. त्याच्यामागे आणखी दोघं आहेत. याचं नीट झालं तर ते येणार.”

“तुम्हाला बोलायचा अधिकार कोणी दिला?”

“साठ मतांनी दिला.”

“साहेब, चेष्टा नको. त्या गटाने माणसे मारली आहेत. त्यात माझा एक सोबती होता.”

ते म्हणाले, “मी त्याला माफी देत नाही. ती द्यायला मी कोण? मी फक्त त्याला तुमच्या दारापर्यंत आणतोय. कोर्टानं द्यायची ती शिक्षा देऊ दे. पण तो कोर्टापर्यंत यायला तर हवा ना? तुम्ही डोंगरात गोळी घालाल, नाहीतर तो तुम्हाला घालील. यात बोलून काय बिघडतंय?”

“वर कळवलंय?”

“अजून नाही. आधी होऊ दे, मग सांगू. आधी सांगितलं तर चार जण चार अटी घालतील.”

इथे मी अडायला हवे होते. त्यांनी एक पत्र लिहावे, मी एक अहवाल पाठवावा, असे म्हणायला हवे होते. मी ते म्हटले नाही, कारण त्यांचे बोलणे मला पटले होते आणि पटल्याची मला थोडी लाजही वाटत होती. मित्राची ट्रंक पोचवणारा मी, आणि त्याच गटातल्या माणसाला सुखरूप आणायला निघालो होतो.

अटी म्हाताऱ्याने घातल्या. मी दुसऱ्यांदा पाड्यावर गेलो तेव्हा त्याने बोटांवर मोजून सांगितल्या. “तुमी एकटं यायचं. बंदूक नाय. गाडी खाली पुलाशी ठेवायची. आमदार हितं ओट्यावर बसतील. सगळं ठीक असंल तर मी राब पेटवीन. वर कड्यावरून धूर दिसतो. धूर बघून तो उतरंल.”

“आणि ठीक नसेल तर?”

“तर नाय पेटवनार. राब काय, दुसऱ्या दिसाला बी पेटतो.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “जबान देता?”

“दिली.”

“मोजून दिली ना?” तो हसला. त्याचे मी ऐकलेले ते एकमेव हसणे.

ठरलेल्या सकाळी पावणेसातला मी ठाण्यात गेलो. रिव्हॉल्व्हर आणि राउंड जमा केले. मग स्टेशन डायरी समोर ओढली. ठाण्याचा अधिकारी बाहेर पडताना वेळ, ठिकाण, कारण, सोबत कोण आणि हत्यार कोणते, हे सगळे लिहितो. गोपनीय कामाला जाताना ‘हद्दीत गस्त’ असे लिहून निघायची पद्धत सगळीकडे आहे. मी ती कधी पाळली नाही. सत्तावीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही याचा मला अभिमान होता. मी खरे लिहिले. अमुक पाडा, वॉरंटमधील आरोपी स्वतःहून हजर होणार, लोकप्रतिनिधी उपस्थित, मी एकटा, विनाहत्यार. वेळ सहा वाजून पन्नास मिनिटे. सही केली आणि निघालो.

मी पुलाशी गाडी ठेवून चालत पाड्यावर पोचलो. आमदार आधीच आले होते, ओट्यावर काळा चहा पीत होते. म्हातारीने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. किती, हे मी पाहिले. सात. आम्हा सगळ्यांना पुरून तीन उरतील, अशा. म्हाताऱ्याने एकदा खालच्या रस्त्याकडे बघितले, एकदा माझ्या रिकाम्या कमरेकडे, आणि राबाच्या वरच्या कडेला काडी लावली.

धूर सरळ वर गेला. दहा मिनिटांनी कड्याखालच्या पायवाटेवर एक माणूस दिसला. खांद्यावर कापडात गुंडाळलेले काहीतरी लांब होते. तो सावकाश उतरत होता, थांबत होता, परत उतरत होता. म्हातारी अंगणात येऊन उभी राहिली. तो दीडशे पावलांवर आला असेल. चेहरा दिसायला लागला होता. फोटोतल्यापेक्षा पुष्कळ वाळलेला. म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, “चालनं बापाचंच हाय.”

तेवढ्यात खालच्या वळणावर धूळ उठली. एक जीप, मागे दुसरी. त्या पुलाशी थांबल्या नाहीत.

आमदारांनी माझ्याकडे पाहिले. “हे तुमचे?”

गाड्या कुठून आल्या हे मला खरेच कळले नव्हते. म्हाताऱ्याने मात्र कोणाला काही विचारले नाही. तो राबाकडे धावला. ज्याचा गुडघा दुमडत नव्हता तो माणूस धावला, पेटलेल्या टहाळात शिरला आणि हिरव्या फांदीने आग झोडपायला लागला. फांदी जळाली तेव्हा हातांनी माती लोटू लागला. त्याला धूर थांबवायचा होता. धूर म्हणजे सगळे ठीक, हे त्याचेच शब्द होते. आणि ते आता खोटे झाले होते. धूर काही थांबेना. उलट झोडपल्यामुळे जास्तच उठला.

वर मुलगा थांबला होता. त्याने आगीत नाचणारा बाप पाहिला आणि त्याला कळायचे ते कळले. वळला आणि कारवीच्या दाट झुडपांत शिरला. म्हातारीने हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो कदाचित थांबला असता, म्हणूनच मारली नसावी.

जीपमधून उतरलेल्या पोलीस पथकाचे लोक धावत वर गेले. दुपारपर्यंत रान धुंडाळले. काही मिळाले नाही. पथकाचा अधिकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “थोडक्यात वाचलात, साहेब. एकटे आणि रिकाम्या हातांनी?”

मी म्हाताऱ्याला बाहेर ओढून आणला होता. त्याचे दोन्ही तळवे भाजले होते. मी गाडीतून दवाखान्यात नेतो म्हणालो. तो म्हणाला, “जबान दिली व्हती साहेब.” पथकाबरोबर आलेला सापगावचा हवालदार त्याला घेऊन गेला. माझ्या गाडीत तो बसला नाही. चुलीजवळच्या सात भाकऱ्यांना कोणी हात लावला नाही.

ठाण्यात परतल्यावर उलगडा झाला. माझा दुय्यम अधिकारी साडेसातला ड्यूटीवर आला. त्याने रोजच्याप्रमाणे डायरी वाचली. प्रभारी अधिकारी एकटा, विनाहत्यार, बंदूकधारी आरोपीला भेटायला गेला आहे, हे वाचून तो घाबरला आणि त्याने नियंत्रण कक्षाला कळवले. त्याची चूक नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. तो बिचारा दारात उभा राहून म्हणाला, “सर, तुम्ही ठीक आहात ना?” मी “हो” म्हणालो. ती त्या दिवसातली माझी एकमेव खोटी नोंद.

माझ्याकडून खुलासा मागवला गेला. परवानगी न घेता, वरिष्ठांना न कळवता, लोकप्रतिनिधीच्या सांगण्यावरून का गेलात? मी चार पानी उत्तर दिले. आमदारांनी आपल्याला यातले काही माहीत नसल्याचे सांगितले. माझी बदली झाली. ठाण्यातले लोक निरोपाला आले, पण त्या सकाळबद्दल कोणी बोलले नाही. घरी पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही खरंच लिहिलंत ना? मग झालं.” तिला बरे वाटावे म्हणून मी मान हलवली.

पुढे एकदा शहापूरला एका लग्नात आमदार भेटले. तोवर ते माजी झाले होते. बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही डायरीत लिहायला नको होतं.”

मी म्हणालो, “तुम्ही वर लिहायला हवं होतं.”

दोघेही पंगतीत समोरासमोर बसलो आणि जेवून उठेपर्यंत बोललो नाही.

तर बाकावरच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे. पुढाऱ्यांनी बोलावे. हे मी वॉरंट हातात असलेला माणूस म्हणून सांगतो, आणि एका मित्राची ट्रंक पोचवलेला म्हणूनही. बोलण्याने खून माफ होत नाही. माफ करायचा की नाही हे ज्यांचे माणूस गेले त्यांना विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये. पण बंदूक खाली ठेवून कोणी चालत यायला तयार असेल, तर त्याच्या वाटेवर कोणीतरी बोलणारे असले पाहिजे. मात्र ते बोलणे चोरून करू नये. ते लेखी असावे, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत असावे. शब्द एकाने द्यायचा आणि गाड्या दुसऱ्याने पाठवायच्या, असे होता कामा नये. त्या सकाळी आम्ही तिघांनी आपापले काम केले. आमदार बोलले, मी खरे लिहिले, दुय्यमाने काळजीने कळवले. आमच्या तिघांत कोणी वाईट नव्हते. फक्त बाकीचे दोघे काय करताहेत हे तिघांपैकी कोणालाच पुरते माहीत नव्हते, आणि त्याची किंमत चौथ्याच माणसाच्या तळहातांनी दिली.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही. माहीत नाही ते मी लिहीत नाही. त्याच्यामागून येणार होते ते दोघेही आले नाहीत, एवढे मात्र खरे.

निवृत्तीनंतर दरवर्षी राबाच्या दिवसांत मी त्या पाड्यावर जातो. पहिली दोन वर्षे म्हातारा घरात निघून गेला. तिसऱ्या वर्षी म्हातारी वारली होती. त्या वेळी तो ओट्यावर बसून राहिला, पण बोलला नाही. मी तासभर बसून परत आलो. नंतर तसेच चालू राहिले. दोन माणसे, मधे एक खांब.

यंदा गेलो तेव्हा भारे घराशेजारी होते. माझी नजर गेली. त्याने ते पाहिले.

“मोजलेत?”

इतक्या वर्षांनी पहिला शब्द. मी म्हणालो, “मोजले. चार.”

“हाताला येतंय तेवढंच तोडतो. वर चढनारं कोन हाय?” तो उठला. “उचला एक.”

मी एक भारा डोक्यावर घेतला. त्याने एक घेतला. दोन खेपांत आम्ही चारही भारे राबावर नेले. तो सांगेल तसे मी पसरले. काडी त्याने लावली नाही, काडेपेटी माझ्या हातात दिली. त्याच्या तळव्यांवरची कातडी गुळगुळीत, रेषा नसलेली होती. मी पेटवले. धूर वर गेला. आम्ही दोघांनीही कड्याकडे पाहिले. तिथे काही नव्हते.

तो म्हणाला, “मोबाइलवर बातम्या ऐकवतात पाड्यातली पोरं. तिकडं त्या जंगलात पुढारी बोलनार म्हंतात. खरं हाय का?”

“बोलावे की नाही, यावर अजून वाद चालू आहे.”

“तो असंल का वो त्यांच्यात?”

“माहीत नाही, बाबा.”

त्याने मान हलवली. राबाच्या कडेची माती पायाने सारखी केली. “तुमच्या वळखीचं कोन असंल वर, तर तेवढं सांगा. बोला म्हनावं. बोलताना गाड्या नका पाठवू.”

माझ्या ओळखीचे आता वर कोणी राहिलेले नाही. सांगायचे तर कुणाला, हे मला घरी येईपर्यंत सुचले नाही. म्हणून निरोप जसाच्या तसा इथे नोंदवला आहे.